पाणी कुठलं?

अण्णांनी पहिला घोट घेतला, गिळायच्या आधी तोंडात जरा फिरवला, कप बशीत ठेवला आणि विचारलं, "पाणी कुठलं घेतलंस?"

बास, एवढंच. मी चिकमगळूरच्या कॉफीच्या बिया काट्यावर २२ ग्रॅम मोजून घेतल्या होत्या. हाताच्या ग्राइंडरवर मनगट भरून येईपर्यंत त्या भरडल्या होत्या, मोबाइलवर चार मिनिटांचा गजर लावला होता, कपसुद्धा आधी गरम पाण्यानं विसळून ठेवले होते. आता विचारतील, कॉफी कुठली, केवढ्याला पडली, हे काचेचं भांडं काय भानगड आहे. यांतलं काहीच नाही. पाणी कुठलं! "बोअरचं," मी म्हणाले. "हं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडला. कप अर्धा तसाच राहिला, थंड झाला, वर बारीक साय आल्यासारखी चकाकी धरली. चौदा वर्षं या घरात काढल्यावर सासऱ्यांच्या 'हं'चे चार-पाच अर्थ तरी मला लावता येतात. त्या सकाळी मी त्यातला सगळ्यात वाईट निवडला. खोड काढली, असं धरून चालले, आणि पुढचे दोन दिवस ती फ्रेंच प्रेस जरा आवाज करतच घासली.

ही प्रेस माझ्याकडे आली ती नणंदेकडून. ती बंगळुरूला असते. दोन वर्षांपूर्वी उद्यान एक्सप्रेसनं आली तेव्हा ओढणीत गुंडाळून, मांडीवर सांभाळत तिनं हे भांडं आणलं. उभं काचेचं नळकांडं, त्याला स्टीलचं कडं, वर झाकण, झाकणातून आत जाणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला गोल जाळी. दिवाळीच्या डिनर सेटशेजारी ते सहा महिने पडून होतं. मग एका रविवारी हुक्की आली. घरात फिल्टर कॉफीची पूड होती, सत्तर टक्के कॉफी आणि तीस टक्के चिकोरी, पिठासारखी मऊ. ती घसघशीत चार चमचे घातली, उकळतं पाणी ओतलं आणि दांडा दाबायला गेले तर तो जागचा हलेना. मी दोन्ही हात लावले. तरी हलेना. मग अंगाचा भार टाकला, आणि चोचीतून जी गरम चिखलाची चिळकांडी उडाली ती थेट भिंतीवर, कॅलेंडरच्या बाजूला. डाग अजून आहे. हात भाजला नाही हे नशीब. चूक प्रेसची नव्हती. ती पूड थेंब-थेंब गळणाऱ्या फिल्टरसाठी दळलेली. त्यात चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, पाण्यात पडलं की विरघळून दाट होणार. ती सगळी बारीक माती जाळीच्या भोकांत जाऊन बसली होती. अडतंय तिथं मी जोर लावत होते.

मला मुळात अशी कॉफी ठाऊक नव्हती. माझं माहेर रत्नागिरीजवळचं. आमच्याकडे कॉफी म्हणजे दूध, साखर, वर किसलेलं जायफळ; तीही एकादशीला, नाहीतर बारावीच्या अभ्यासाला जागताना, नाहीतर रात्री उशिरा पाहुणे आले आणि जेवणार नाही म्हणाले तर. जायफळाचं झाड परसातच होतं. आई पितळी किसणीवर दोनदा घासायची, तिसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा घासलं की झोप येते म्हणायची, आणि मग जागायला कॉफी कशाला प्यायची हा प्रश्न आम्ही तिला कधी विचारला नाही. त्या कॉफीत कॉफी थोडीच असायची. रंगापुरती. तरी अजून कुठं जायफळाचा वास आला की मला दुधावर फिरणारी ती तपकिरी पूडच दिसते.

सोलापुरात आले तेव्हा इथल्या कॉफीची गंमत कळली. इथं एका गल्लीत मराठी, दुसरीत कन्नड, पूर्व भागात गेलं की तेलुगू. कुणाच्या घरी कॉफी म्हणजे आमच्यासारखी जायफळाची, कुणाच्या घरी पितळी फिल्टरमधला काळा अर्क आणि वरून ओतलेलं उकळतं दूध. आम्ही सुरुवातीला साखर पेठेत भाड्यानं राहायचो. समोरच्या तेलुगू मावशी पहाटेच फिल्टर भरून ठेवायच्या. मागच्या यंत्रमागांची खटखट सुरू व्हायच्या आत त्यांच्या खिडकीतून तो वास यायचा. मला वाटायचं, वास एवढा असेल तर चव काय असेल. आणि चव वासाच्या निम्मीसुद्धा भरायची नाही, हे मी त्यांना तोंडावर कसं सांगणार.

चिखलफेकीनंतर मी जरा इरेला पेटले. वाचलं, पाहिलं, बिघडवलं. या भांड्याला नाव फ्रेंच आहे आणि त्याच्या पूर्वजाचं पेटंट खरंच १८५२ साली फ्रान्समध्ये निघालं होतं. पण आज आपण वापरतो त्याच्या जवळचं रूप १९२९ साली मिलानच्या लोकांनी नोंदवलं. म्हणजे नाव एकाचं, घाम दुसऱ्याचा. करण्यासारखं यात फार काही नसतं, आणि तेच अवघड जातं. बिया भरडायच्या त्या लापशीच्या रव्याइतक्या जाड. मिक्सरमध्ये हे जमत नाही, कारण पातं बी कापत नाही, फोडतं. अर्धी पूड होते, अर्धे खडे राहतात. पूड लगेच कडू होते, खडे कच्चे राहतात, आणि कपात दोन्ही एकत्र येतात. म्हणून हाताचा ग्राइंडर घेतला. एका मापाला सोळा मापं पाणी. माझी प्रेस लहान, ३५० मिलिलिटरची, म्हणून २२ ग्रॅम. पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांबायचं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथं पाणी शंभराच्या दीडेक अंश अलीकडेच उकळतं; रत्नागिरीपेक्षा इथं थोडं कमी थांबलं तरी चालतं. सोलापूरनं कशात तरी सवलत दिली म्हणायची. पाणी पडलं की ताजी कॉफी फुगून वर येते. भाजताना बीमध्ये कोंडलेला वायू सुटतो तो. वर जाडसर थर जमतो. चार मिनिटांनी चमच्यानं तो थर हलकेच मोडायचा, तरंगणारा फेस काढून टाकायचा आणि मग आणखी पाच मिनिटं काहीच करायचं नाही. गाळ आपोआप खाली बसतो. दांडा शेवटी दाबायचा तोसुद्धा नावाला, जाळी पाण्याला टेकेल इतपत. दाबायचं भांडं म्हणून आणलं आणि चांगली कॉफी हवी तर दाबू नका म्हणतात! तळाचा घोटभर तिथंच सोडून द्यायचा.

हे सगळं मी त्या सकाळी केलं होतं. अगदी सगळं.

आणि तरी, खरं सांगायचं तर, कॉफी सपक झाली होती. हे मला अण्णांच्या आधी कळलं होतं, म्हणूनच त्यांचा प्रश्न जास्त झोंबला. नणंदेच्या घरी बंगळुरूला याच बियांना कसली तरी कोकमासारखी बारीक आंबट कड होती, मागून गूळ. माझ्या कपात कड नव्हतीच. सगळं एका पातळीत, आणि जिभेवर खडूची पूड लावल्यासारखं काहीतरी. मी बियांवर खापर फोडलं होतं. प्रवासात शिळ्या झाल्या असतील.

पाण्याचं सोलापूरकरांना काय सांगायचं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, आलं तर रात्री दोनला की पहाटे चारला त्याचा नेम नाही. मधले दिवस बोअर. आम्ही आता जुळे सोलापुरात राहतो, अपार्टमेंटचं बोअर काळ्या दगडात खोल गेलंय. त्या पाण्यानं साबणाला फेस येत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आंघोळीला साबण अर्धा झिजवला आणि वाटलं, साबणच नकली आहे. माहेरी उलटं होतं: जांभ्या दगडातलं विहिरीचं पाणी इतकं हलकं की अंगावरचा साबण जाता जात नाही, बुळबुळ राहते. इथं किटलीच्या तळाला महिन्यात पांढरी पापडी धरते, नळाच्या तोटीवर मिशा येतात, स्टीलचे पेले पुसले नाहीत तर डागांची नक्षी. तुरीची डाळ बोअरच्या पाण्यात पाच शिट्ट्यांनंतरही दाताखाली लागते. सासूबाई होत्या तोवर डाळीसाठी नळाच्या पाण्याची तांब्याची कळशी वेगळी असायची. त्या कळशीतलं पाणी कुणी प्यायला घेतलं की घर डोक्यावर घ्यायच्या. त्या गेल्यावर वर्षभरात आम्ही आरओ बसवला आणि कळशी माळ्यावर गेली. डाळीला कधी आरओ, कधी बोअर, घाईत जे हाताला येईल ते. एखादवेळी डाळ शिजली नाही की अण्णा ताटावर विचारायचे, "पाणी कुठलं?"

हे मला प्रेस घासताना आठवलं. तिसऱ्या दिवशी.

अण्णा म्हणजे चाळीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत डाईंग मास्तर. चादरींचं आणि टॉवेलचं सूत रंगवणं हे त्यांचं आयुष्य. मी आले तेव्हा ते निवृत्तीच्या जवळ होते, तरी नखांच्या कडांत रंग असायचाच. आज कुठला लॉट होता ते हात बघून सांगता यायचं. नवरा सांगतो, लहानपणी भावंडांत त्यावर पैजा लागायच्या. जेवायला बसताना ते हात तीनदा धुवायचे आणि तरी भाकरीच्या पांढऱ्या पापुद्र्यावर बोटाची फिकट निळी खूण उठायची. आता हात स्वच्छ आहेत. मला ते स्वच्छ हात कधी कधी कुणा दुसऱ्याचे वाटतात.

संध्याकाळी गच्चीवर मी विषय काढला. पाणी का विचारलंत?

"मग काय विचारू?" अण्णा म्हणाले. "आधी पाणीच बघायचं असतंय की. लॉट लावायच्या आधी बाटलीत पाणी घ्यायचं, साबणाचा चुरा टाकायचा, हलवायचं. फेस आला तर पाणी हलकं. दही फाटल्यासारखं झालं तर जड. जड पाण्यात रंग सुताला धरायच्या आधी चुन्याला धरतंय. मग पट्टे पडतात, शेड मरते. मालक म्हणणार, रंग खराब आला. रंगाचा काय दोष?" मग त्यांनी माझी कृती विचारली, आणि पेपर बाजूला ठेवून नीट ऐकली. एकास किती पाणी? एकास सोळा. "आमचं सुताच्या लड्यांना एकास वीस." किती अंश? पंचाण्णवच्या आसपास. किती वेळ? ढवळतेस का? ढवळलं तर काय होतं, नाही ढवळलं तर काय होतं? चौदा वर्षांत अण्णांनी मला सलग इतके प्रश्न कधी विचारले नव्हते. आणि प्रत्येक प्रश्न नेमका तिथं पडत होता जिथं मी दोन महिने चाचपडले होते. प्रमाण, उष्णता, वेळ, हलवणं, दाण्याची जाडी. शेवटी म्हणाले, "म्हणजे आमचंच काम, उलटं. आम्ही पाण्यातला रंग सुतात घालायचो, तू बियातला पाण्यात काढायलीस."

यावर मला काही बोलता आलं नाही. मनातल्या मनात मी दोन दिवस त्यांच्याशी भांडत होते, आणि ते मला हुद्दा देऊन मोकळे झाले.

पाण्याचं नंतर मी मुळापासून पाहिलं. जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर बायकार्बोनेटही भरपूर असतात आणि ते कॉफीतली आम्लं मारून टाकतात. माझी कोकमासारखी कड तिथं गेली होती. मग सगळ्यात शुद्ध म्हणून आरओचं पाणी घेतलं, तर कॉफी पाणचट आणि वर नुसतीच आंबट. कारण बीमधला अर्क ओढून काढायलाही पाण्यात थोडे क्षार लागतात. सगळेच काढून टाकले तर पाणी रिकाम्या हातानं जातं आणि रिकाम्या हातानं येतं. आरओ दुरुस्तीला येणाऱ्या मुलाकडे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा पेनासारखा मीटर असतो, त्यानं तिन्ही पाणी मोजून दिलं. कॉफीवाले दीडशेच्या आसपासचा आकडा चांगला मानतात. आमच्या बोअरचा आकडा हजाराच्या पुढं, आरओचा पन्नासच्या आत, आणि नळाचा या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी. आता एक माप नळाचं आणि एक माप आरओचं, असं जमवते. पोरगा म्हणतो, आई कॉफी करत नाही, प्रॅक्टिकल करते. म्हणू दे. एकदा मी अण्णांना तीन कपांत तीन पाण्यांची कॉफी दिली, न सांगता. त्यांनी वास घेतला, घोट घेतला, कप उजेडात धरून तिरका केला आणि तिन्ही बरोबर ओळखली. वर म्हणाले, तिन्ही कडूच आहेत.

कारण एक गोष्ट स्पष्ट आहे. अण्णांना ही कॉफी आवडत नाही. त्यांना दुधाचा, आल्याचा, जीभ पोळणारा चहा लागतो. मलासुद्धा, शप्पथ घेऊन सांगते, रोज आवडत नाही; काही सकाळी मी गपचूप दुधात कॉफी उकळते, वर जायफळ किसते आणि प्रेसकडे पाठ करून पिते. शिवाय प्रेसच्या जाळीतून कॉफीचं तेल कपात उतरतं. कागदातून गाळली तर ते अडतं, जाळीत नाही, आणि त्यातलं कॅफेस्टॉल कोलेस्टेरॉल वाढवतं. अण्णांची गोळी चालू आहे. तेव्हा त्यांना आठवड्यातून एकदा, अर्धा कप. तो अर्धा कप ते का घेतात हे मी विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात, एप्रिलच्या उकाड्यात, रात्री अडीचला नळ आला. लाइट नव्हती, भिंती अजून तापलेल्याच. मी बादल्या लावायला उठले तर अण्णा आधीच स्वयंपाकघरात. ओट्यावर तांब्याची कळशी, चिंचेनं घासलेली, लखलखीत. माळ्यावरून कधी काढली, त्यांच्या गुडघ्यांनी स्टुलावर चढू कसं दिलं, देव जाणे. त्यांनी आधी दोन बादल्या गढूळ पाणी जाऊ दिलं, मग कळशी तोटीखाली धरली. "ही डाळीची," मी म्हणाले. "डाळीची आणि कॉफीची," अण्णा म्हणाले.

पिंपं भरेपर्यंत तास गेला. झोप उडालीच होती, तर मी गॅसवर पाणी ठेवलं. अंधारात ग्राइंडरचा आवाज जात्यासारखा येत होता. मेणबत्तीच्या उजेडात अण्णा काचेतून बघत बसले: वर थर जमताना, मग एकेक कण सुटून खाली जाताना, मधलं पाणी चहाच्या रंगावरून विटकरी, विटकरीवरून काळं होताना. चार मिनिटं ते काही बोलले नाहीत. "थर मोडू का?" एवढंच विचारलं आणि माझ्या हातून चमचा घेतला. तीन वेळा, कडेनं, हलक्या हातानं. मी कधी इतका नीट मोडलेला नाही. त्या कपात कड होती. बंगळुरूची नव्हे, थोडी वेगळी, पण होती. अण्णांनी अर्धा कप संपवला, तोंड वाकडं केलं आणि भांड्यात उरलेल्या गाळाकडे बोट दाखवलं. "हे टाकू नको. रंग हाय अजून याच्यात."

सकाळी उठले तर गच्चीच्या दोरीवर वीतभर पांढऱ्या सुती टॉवेलचा तुकडा, बदामी रंगाचा, दोन्ही कडांना सारखा, कुठं पट्टा नाही. पातेल्यात गाळ उकळून केला होता. दोन दिवस तो तिथं वाळला. मग अण्णांनी तो साबणानं धुतला, पिळला, उजेडात धरला. बदामी जाऊन फिकट पिवळट उरलं होतं.

"कच्चाय," ते म्हणाले. "तुरटी हाय का घरात?"